विश्लेषण : नरभक्षकांच्या मागावर पायी फिरणारे जिम कॉर्बेट जंगलात जिवंत कसे राहिले?

पावसाळा सरला की सह्याद्रीतल्या पायवाटांवर गर्दी वाढते. किल्ल्यांवर मुक्काम होतात, भल्या पहाटे टॉर्चच्या उजेडात चढाई सुरू होते आणि एखाद्या वळणावर बिबट्याच्या पायाचा ठसा दिसला की ग्रुपमध्ये एकदम शांतता पसरते. पुढे जायचे की मागे फिरायचे, बोलायचे की गप्प राहायचे, पळायचे की थांबायचे? या प्रश्नांची उत्तरे एका माणसाने अंगावर घेऊन शोधली होती. १९०७ ते १९३८ अशी ३१ वर्षे ते कुमाऊं आणि गढवालच्या डोंगरांत नरभक्षक वाघ-बिबट्यांच्या मागावर पायी फिरले. उत्तराखंडमधील व्याघ्र प्रकल्प आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. जिम कॉर्बेट यांची ओळख अचूक नेमबाज म्हणून असली, तरी त्यांनी स्वतः लिहून ठेवलेले प्रसंग नीट वाचले तर त्यांचा जीव वाचवण्यात बंदुकीपेक्षा कान, वारा आणि सावकाश हालचाल यांचा वाटा मोठा होता, असे दिसते. हे सारे ते कुठे शिकले आणि आजच्या ट्रेकर्सनी त्यातले काय घ्यावे, याचा हा आढावा.

जिम कॉर्बेट कोण होते?

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील ख्रिस्तोफर हे नैनितालचे पोस्टमास्तर. घराणे मूळचे आयरिश. पण पैसाअडका बेताचा आणि कुटुंब मोठे. जिम सहा वर्षांचे होण्याआधीच वडील गेले आणि आई मेरी जेन यांच्यावर घराचा भार पडला. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढुंगी गावात, असा या घराचा शिरस्ता होता. कालाढुंगीचे घर जंगलाला लागूनच होते. पाठ्यपुस्तकांपेक्षा या जंगलाने जिम यांना जास्त शिकवले.

शिक्षण फार झाले नाही. विशीच्या आतच ते रेल्वेच्या नोकरीत शिरले आणि पुढे बिहारमधील मोकामा घाटावर गंगेच्या काठी मालवाहतुकीचे कंत्राट त्यांनी वीसेक वर्षे सांभाळले. म्हणजे नरभक्षकांमागे जाणारा हा माणूस पेशाने शिकारी नव्हता. रेल्वेचे काम सांभाळून, सरकारकडून निरोप आला की रजा काढून तो डोंगरात जात असे. त्यांनी लग्न केले नाही. बहीण मॅगी अखेरपर्यंत त्यांच्यासोबत राहिली.

जंगलाचे धडे त्यांना कुणी दिले?

आधी गलोल, मग धनुष्यबाण आणि त्यानंतर एक नळी फुटलेली जुनी ठासणीची बंदूक, अशा क्रमाने त्यांच्या हातात हत्यारे आली. हा क्रम महत्त्वाचा आहे. गलोलीने पक्षी टिपायचा तर त्याच्या अगदी जवळ जावे लागते, आणि जवळ जायचे तर पाऊल वाजवून चालत नाही. जंगलात चालताना सुकल्या पानांवर पाय कसा टाकायचा, हे कॉर्बेट या वयात शिकले.

कालाढुंगीजवळ चांदनी चौक नावाचे गाव आहे (दिल्लीचे नव्हे). तिथले कुंवर सिंग हे परिसरातले नावाजलेले चोरटे शिकारी होते आणि तेच या मुलाचे गुरू झाले. जंगलाचा नकाशा डोक्यात कसा ठेवायचा आणि आवाजावरून दिशा कशी ओळखायची, हे या माणसाकडून आले. कॉर्बेट यांनी पुढे आपल्या पुस्तकात या गुरूचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. इंग्रज राजवटीत एका गोऱ्या लेखकाने कुमाऊंच्या एका चोरट्या शिकाऱ्याला गुरुस्थानी ठेवणे ही त्या काळात सहज घडणारी गोष्ट नव्हती.

लहानपणचा एक प्रसंग त्यांच्या मनावर कायमचा कोरला गेला. मोडकी बंदूक घेऊन ते रानकोंबड्यांच्या मागे एका झुडपापाशी पोहोचले. झुडूप हलले आणि पलीकडच्या बाजूने वाघ बाहेर आला. त्याने वळून मुलाकडे पाहिले आणि तो संथ चालीने निघून गेला. पुढे पन्नासहून अधिक वर्षे कॉर्बेट एकच गोष्ट सांगत राहिले : वाघाला वाटेने जाऊ दिले तर तो माणसाच्या वाटेला जात नाही. जखमी, म्हातारा, भक्ष्यावर बसलेला किंवा पिल्ले जवळ असलेला वाघ मात्र त्यांनी या नियमातून वगळला होता.

आवाज आणि वारा कसे वाचायचे?

जंगलात वाघ-बिबट्या क्वचितच दिसतो, पण त्याला पाहणारे डझनभर डोळे आजूबाजूला असतात. चितळ, सांबर, भेकर, वानर, मोर, रानकोंबडा, अगदी सातभाईंचा थवासुद्धा शिकारी प्राणी दिसताच ओरडून साऱ्या रानाला सावध करतो. आपल्याकडचे गाइड यालाच ‘कॉल’ म्हणतात. कॉर्बेट यांचे वेगळेपण असे की ते केवळ कॉल ऐकून थांबत नसत. कोणता प्राणी ओरडला, तो एकाच जागी उभा राहून ओरडतोय की पळता पळता, पहिल्या आवाजानंतर दुसरा कुठून आला, यावरून बिबट्या कोणत्या दिशेला आणि किती वेगाने चाललाय याचा अंदाज ते बांधत. तीन-चार ठिकाणचे आवाज जोडून हलत्या प्राण्याची जागा शोधायची. मोबाइल टॉवरच्या सिग्नलवरून फोनचे लोकेशन काढण्यासारखाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे चूक झाली तर दुरुस्तीची संधी नाही.

दुसरे साधन म्हणजे वारा, आणि इथे त्यांचा तर्क वाचण्यासारखा आहे. माणसाचे नाक जंगली प्राण्यांच्या तुलनेत निकामी असते, हे वाघाला ठाऊक नसते. त्यामुळे सांबरावर चाल करताना तो जशी आपला वास सांबरापर्यंत पोहोचू न देण्याची काळजी घेतो, तशीच माणसावर चाल करतानाही घेतो. म्हणजे वारा ज्या दिशेला वाहत जातो, त्या बाजूने धोका येणार. वारा समोरून येत असेल तर नरभक्षक मागून येईल. अशा वेळी कॉर्बेट सरळ रेषेत चालत नसत. शिडाचे जहाज चालवावे तसे ते वाऱ्याला आडवे, नागमोडी जात. त्यामुळे धोक्याची बाजू कधी डावीकडे तर कधी उजवीकडे राही, पाठीमागे मात्र राहत नसे.

अर्थात कानच नसतील तर? १९२९ साली तल्ला देशच्या नरभक्षक वाघिणीच्या मागावर असताना त्यांच्या कानात गळू झाले होते. त्याआधी एका शिकारीत शेजारच्या माणसाची बंदूक कानाजवळ उडाल्याने पडद्याला इजा झाली होती. एका बाजूने ऐकू येत नव्हते, वेदनेने डोके फुटत होते, तरी ते जखमी वाघिणीच्या मागे एकटे रानात फिरत राहिले. ते वाचले, पण याला धाडस म्हणता येईल, शहाणपण म्हणता येणार नाही. ही हकिकत त्यांनी कित्येक वर्षे लिहिलीही नव्हती.

वाघ नरभक्षक का होतो?

यातला सर्वांत मोलाचा भाग इथे सुरू होतो. कॉर्बेट मारलेल्या प्रत्येक नरभक्षकाचे शरीर बारकाईने तपासत. हा प्राणी बिघडला का, याचे कारण त्यांना हवे असे. इंजिनीअरिंगच्या भाषेत याला ‘फेल्युअर ॲनालिसिस’ म्हणता येईल.

पहिली मोहीम चंपावतच्या वाघिणीची. सरकारी नोंदींनुसार तिने नेपाळमध्ये २०० आणि कुमाऊंमध्ये २३६, अशा ४३६ माणसांचा बळी घेतला होता. त्या काळच्या नोंदी किती नेमक्या होत्या याबद्दल शंका घेता येते, पण दहशत खरी होती. कॉर्बेट यांनी मोहीम स्वीकारताना दोन अटी घातल्या : वाघिणीवरचे बक्षीस रद्द करा आणि रानात फिरणाऱ्या बाकी शिकाऱ्यांना परत बोलवा. पहिली अट तत्त्वाची होती. दुसरी मात्र सरळ सुरक्षेची होती, कारण झाडीत हालचाल दिसताच गोळी झाडणारा माणूस वाघापेक्षा कमी घातक नसतो.

ते पाली गावात पोहोचले तेव्हा लोक पाच दिवस दारे बंद करून घरात बसले होते. तिथल्या एका बाईने आपल्या बहिणीला वाघीण उचलून नेताना पाहिले होते आणि हातात कोयता घेऊन ती मागे धावली होती. तेव्हापासून तिची वाचा गेली होती. त्या पहिल्या रात्री तरुण कॉर्बेट यांनी मोठी चूक केली. वाघीण रस्त्याने जाते असे कळल्यावर ते झाडाला पाठ टेकून उघड्या रस्त्यावर बसले. रात्र चढत गेली तशी प्रत्येक सावलीत त्यांना वाघीण दिसू लागली, आणि थंडीने व भीतीने दात वाजू लागले. सकाळी त्यांची माणसे आली तेव्हा ते गुडघ्यात डोके घालून झोपलेले होते. ती रात्र त्यांनी लपवली नाही, हे विशेष.

पुढे चंपावतच्या तहसीलदारांनी २९८ गावकरी गोळा केले, हाका घातला गेला आणि वाघीण मारली गेली. कॉर्बेट यांच्याजवळची काडतुसे संपली होती. शेवटची गोळी तहसीलदारांच्या बंदुकीतून सुटली. मृत वाघिणीच्या जबड्यात उजव्या बाजूचा वरचा सुळा अर्धा आणि खालचा हाडापर्यंत तुटलेला आढळला. जुन्या गोळीची ती जखम होती. नैसर्गिक भक्ष्य पकडणे अशक्य झाल्याने ती माणसांकडे वळली होती. म्हणजे शेकडो बळींची सुरुवात एका अज्ञात बंदूकधाऱ्याच्या चुकलेल्या नेमापासून झाली होती. परतीच्या वाटेवर पालीच्या त्या बाईला वाघिणीचे कातडे दाखवले, तेव्हा तिची वाचा परत आली.

मुक्तेश्वरची वाघीण वेगळ्या कारणाने बिघडली. साळिंदराशी झालेल्या झटापटीत तिचा एक डोळा गेला आणि पुढच्या पायात पन्नासेक काटे रुतले. जखमा चाटत ती दाट गवतात पडून होती. त्याच गवतात एक बाई चारा कापायला आली आणि कापत कापत वाघिणीच्या अगदी जवळ पोहोचली. एका फटक्यात बाई मेली. वाघिणीने तिला खाल्ले नाही, जागा सोडून ती निघून गेली. काही दिवसांनी एका आडव्या पडलेल्या ओंडक्याखाली ती निपचित पडली असताना एक माणूस तोच ओंडका तोडायला आला. तोही मारला गेला आणि या वेळी तिने थोडेसे खाल्ले. त्यानंतरच्या बळीसाठी मात्र कुणाला तिच्या जवळ जावे लागले नाही. ती स्वतः शोधत आली. एकूण २४ बळी गेले.

पहिले दोन्ही मृत्यू पाहिले तर त्यांत शिकार नव्हती. जखमी, दडून बसलेला प्राणी आणि नकळत त्याच्यावर येऊन आदळलेला माणूस, एवढेच होते. जंगलातले बहुतेक अपघात आजही असेच घडतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात उन्हाळ्याच्या तोंडावर मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करायला पहाटे जाणाऱ्या बायाबापड्यांवर वाघाचे हल्ले होतात. तिथेही माणूस वाकलेला असतो, लक्ष जमिनीकडे असते आणि झुडपाच्या पलीकडे कोण आहे हे शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही. ट्रेकरला घरी बसण्याचा पर्याय असतो. या लोकांना तो नसतो, आणि कॉर्बेट यांच्या पुस्तकांतले बळीसुद्धा बहुतांश असेच गवत कापणारे, लाकूडफाटा आणणारे, गुरे राखणारे होते.

रुद्रप्रयागचा बिबट्या एवढा कुप्रसिद्ध का ठरला?

१९१८ ते १९२६ या आठ वर्षांत या एका बिबट्याने १२५ माणसे मारल्याची नोंद आहे. केदारनाथ-बद्रीनाथची यात्रा याच वाटेने जात असल्याने बातमी देशभर पसरली, आणि सूर्य मावळला की शेकडो चौरस मैलांच्या परिसरात अघोषित संचारबंदी लागू होई.

त्याच्या नरभक्षक होण्यामागे कॉर्बेट यांनी एक साथरोग पाहिला. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात गढवालमध्ये इतकी माणसे मेली, की सगळ्यांचे रीतसर दहन अशक्य झाले. मृताच्या तोंडात निखारा ठेवून देह दरीत लोटून दिला जाऊ लागला. बिबट्या मेलेले जनावरही खातो. साथ संपली, देह मिळेनासे झाले, पण चटक राहिली.

वाघ आणि बिबट्या यांतला एक फरक कॉर्बेट यांनी ठळक केला. नरभक्षक वाघाची माणसाविषयीची भीती जाते आणि तो दिवसाढवळ्या हल्ला करतो. बिबट्याची भीती नरभक्षक झाल्यावरही जात नाही, म्हणून तो रात्री येतो. एकदा दोन मित्र अंधाऱ्या खोलीत एकच हुक्का आळीपाळीने ओढत बसले होते. हुक्का खाली पडला म्हणून एकाने दुसऱ्याला हटकले, तर उत्तर नाही. पाहतो तो चांदण्यात बिबट्या मित्राला दाराबाहेर नेत होता. एवढ्या जवळ बसूनही त्याला चाहूल लागली नव्हती.

या बिबट्यासाठी कॉर्बेट अलकनंदेवरच्या झुलत्या पुलाच्या मनोऱ्यावर वीस रात्री बसले. बिबट्या फिरकला नाही. विष, सापळे, मचाण सारे वापरून झाले. अखेर २ मे १९२६ च्या रात्री गोलाबराय येथे यात्रेकरूंच्या वाटेवरील आंब्याच्या झाडावरून त्यांनी तो टिपला. खाली गळ्यात घंटा बांधलेली शेळी होती. घंटा वाजली, टॉर्चचा क्षणभर उजेड पडला आणि गोळी सुटली. तो वयस्कर नर होता.

अंड्यांनी जीव वाचवला, तो प्रसंग कोणता?

११ एप्रिल १९३०. चौगढच्या वाघिणीच्या खात्यावर तोवर ६४ बळी होते. कॉर्बेट दोन माणसांसह एका ओढ्यात उतरत असताना त्यांना रातव्याची दोन अंडी दिसली. पक्ष्यांची अंडी जमवण्याचा छंद त्यांना होता. शेवाळात गुंडाळून अंडी डाव्या हातात घेतली, उजव्या हातात रायफल, आणि ते एका मोठ्या खडकाला वळसा घालून वाळूवर आले. मान वळवून मागे पाहिले तर वाघीण जेमतेम आठ फुटांवर, थेट त्यांच्याकडे पाहत बसलेली.

रायफलची नळी भलत्याच दिशेला होती. ती वाघिणीकडे आणायला जवळजवळ पाऊण वर्तुळ फिरवावी लागणार होती. डाव्या हातात अंडी असल्याने दोन्ही हात वापरता येत नव्हते. अंडी टाकून झटकन वळणे, हीच कुणाचीही पहिली प्रतिक्रिया झाली असती आणि त्याच झटक्याला वाघिणीने झेप घेतली असती. कॉर्बेट यांनी नळी एका हाताने, जवळपास न जाणवेल इतक्या संथपणे फिरवत नेली. वाघिणीची नजर त्यांच्या नजरेवर खिळलेली राहिली. एकच गोळी पुरली.

तपासणीत तिची नखे तुटलेली आणि एक सुळा मोडलेला निघाला. कॉर्बेट यांनी अंडी पुन्हा होती तिथे नेऊन ठेवली. थोड्या वेळाने ते त्या वाटेने गेले, तेव्हा पक्षीण पुन्हा अंड्यांवर बसलेली होती. त्यांच्या मते हातात अंडी नसती, तर ते बहुधा वाचले नसते.

आजच्या ट्रेकर्ससाठी यातले काय लागू पडते?

आधी काय लागू पडत नाही, ते पाहू. एकट्याने, रात्री, दाट रानात आवाज न करता चालणे ही कॉर्बेट यांची पद्धत होती, कारण त्यांना प्राण्याच्या जवळ पोहोचायचे होते. ट्रेकरचा हेतू नेमका उलटा असतो. त्यामुळे त्याने गटात राहावे, बोलत चालावे, अंधारात टॉर्च पेटता ठेवावा, वळणावर आणि उंच गवतात जरा जास्तच आवाज करावा. चाहूल लागली की बिबट्या सहसा स्वतःच बाजूला होतो. अस्वलाच्या बाबतीत तर हे फारच गरजेचे. त्याची नजर बेताची असते, ते आपल्याच नादात उकरत असते आणि अचानक समोर आलेल्या माणसावर दचकून तुटून पडते. विदर्भातल्या रानवाटांवर जुनी माणसे काठी आपटत चालतात, ती याचसाठी.

प्राणी समोर आलाच तर चौगढचा प्रसंग आठवावा, अर्थात रायफल वगळून. पळू नये; पाठलाग करणे हा मोठ्या मांजरकुळाचा स्वभावच आहे. पाठ फिरवू नये, खाली बसू नये, वाकू नये. उभा माणूस बिबट्याला भक्ष्यासारखा वाटत नाही, बसलेला किंवा वाकलेला मात्र वाटू शकतो. लहान मूल सोबत असेल तर त्याला उचलून घ्यावे आणि तोंड प्राण्याकडे ठेवून सावकाश मागे सरकावे. त्याचा निघून जाण्याचा रस्ता मोकळा ठेवावा. तो सरळ चाल करून आलाच तर मात्र हातपाय उंचावून, आरडाओरडा करून अंगाने मोठे दिसावे. मोबाइल काढून व्हिडिओ करण्याचा मोह या सगळ्यात सर्वांत महागात पडणारा आहे.

वाटेत अर्धवट खाल्लेले जनावर दिसले किंवा पिल्ले दिसली, की तिथे क्षणभरही थांबू नये. कॉर्बेट यांची निम्मी मोहीम वाघ भक्ष्याकडे परत येतो याच एका खात्रीवर चालत असे. महाराष्ट्रात जुन्नर-अकोल्याच्या उसाच्या फडांत बिबट्याची मादी पिल्ले घालते. तिथे सापडलेले पिल्लू गोंडस वाटले तरी आई जवळच असते. हात न लावता दूर जावे आणि वन विभागाला कळवावे. पाळीव कुत्रा ट्रेकला नेण्याची नवी टूम निघाली आहे. कुत्रा हे बिबट्याचे आवडते खाद्य आहे, एवढे सांगितले तरी पुरे. मुक्कामाच्या जागी उष्टे-खरकटे टाकणेही तसेच. त्यावर कुत्री आणि डुकरे येतात आणि त्यांच्या मागे बिबट्या येतो.

जखम झालीच तर कॉर्बेट यांच्या काळापेक्षा आज परिस्थिती खूप बरी आहे. तेव्हा वाघाच्या पंजाची साधी ओरखडही सडून जीव घेत असे. आता जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस घ्यावी. हळद, चुना लावत बसू नये.

बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे वळण कसे आले?

कॉर्बेट यांना संत ठरवण्याची गरज नाही. १९३० मध्ये पवलगढचा प्रसिद्ध नर वाघ त्यांनी मारला, तो नरभक्षक नव्हता. केवळ त्याच्या आकारासाठी तो गेला. पण याच सुमारास ते बदलतही होते. वन अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी काढलेली वाघांची छायाचित्रे पाहून त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि कालाढुंगीजवळच्या ओढ्यावर महिनोन्‌महिने बसून वाघांचे चित्रीकरण केले. १९३६ मध्ये रामगंगेच्या खोऱ्यात हेली राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. भारतातले हे पहिले राष्ट्रीय उद्यान उभे राहण्यात कॉर्बेट यांच्या प्रयत्नांचा वाटा होता.

शेवटची नरभक्षक मोहीम ३० नोव्हेंबर १९३८ ची. ठाक गावच्या वाघिणीला त्यांनी नर वाघाचा आवाज काढून बोलावले. उजेड काही मिनिटांचाच उरला होता. त्या वेळी ते ६३ वर्षांचे होते. वाघिणीच्या अंगावर बंदुकीच्या दोन जुन्या जखमा होत्या, एक चिघळलेली.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर जाणाऱ्या सैनिकांना जंगलात कसे राहायचे हे शिकवण्याचे काम त्यांच्याकडे आले. हे प्रशिक्षण नागपूरला लागून असलेल्या छिंदवाड्यात चालले. १९४४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने त्यांचे ‘मॅनईटर्स ऑफ कुमाऊं’ प्रकाशित केले आणि ते जगभर पोहोचले. मराठी वाचकांनाही त्यांची पुस्तके अनुवादातून परिचित आहेत.

अखेरची वर्षे कुठे गेली?

स्वातंत्र्यानंतर, १९४७ च्या अखेरीस कॉर्बेट आणि मॅगी मुंबईहून बोटीने केनियाला गेले आणि न्येरी येथे स्थायिक झाले. फेब्रुवारी १९५२ मध्ये राजकन्या एलिझाबेथ जवळच्या ‘ट्रीटॉप्स’ या झाडावरच्या निवासात आल्या, तेव्हा सोबतीला ७६ वर्षांचे कॉर्बेट होते. पाहुणे पोहोचले तेव्हा झाडाभोवती चवताळलेल्या हत्तींचा कळप होता. सारे शिडीने वर चढले. रात्री बाकीचे झोपल्यावर कॉर्बेट शिडीच्या तोंडाशी रायफल घेऊन पहाऱ्याला बसले, कारण बिबट्याला झाड चढता येते. त्याच रात्री इंग्लंडमधील सँड्रिंगहॅम येथे सहाव्या जॉर्ज यांचे निधन झाले आणि राजकन्या राणी झाली.

१९ एप्रिल १९५५ रोजी हृदयविकाराने कॉर्बेट यांचे न्येरीत निधन झाले. १९५७ मध्ये राष्ट्रीय उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले. कालाढुंगीतील त्यांच्या घरात आता संग्रहालय आहे. शेजारच्या छोटी हल्द्वानी या गावाभोवती रानडुकरे आणि हरणे शेतात शिरू नयेत म्हणून त्यांनी माणसाएवढ्या उंचीची दगडी भिंत बांधून घेतली होती. ती भिंत आजही तिथे आहे.